पाच हजार तीनशे अठ्ठेचाळीस रुपयांत कोण काय जेवलं

आधी बुफेचं बिल सांगतो. मोठ्या माणसाला ८९९, लहान मुलाला ४९९. आम्ही चार मोठे आणि तीन लहान, म्हणजे ५०९३. त्यावर पाच टक्के जीएसटी, २५४ रुपये ६५ पैसे. एकूण ५३४७.६५, घेतले ५३४८. साताऱ्यात एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे हॉटेलात पाणी येण्याआधी माझी बेरीज सुरू झालेली असते. सौ. म्हणते, निदान जेवताना तरी वही खिशात ठेवा. ठेवत नाही. बिलावरचा पहिला आकडा वेगळा होता, पण ते भांडण नंतर सांगेन.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. दोन-तीन तक्रारी आहेत आणि त्या एकाच दुपारच्या आहेत. नाशिकला गंगापूर रोडच्या अंगाला असली मोठी बुफेची ठिकाणं आता बरीच झालीत, त्यातलंच एक समजा. बाहेर पाटी होती की आत आठ देशांचं जेवण आहे, आणि त्याखाली ऑक्टोपसचं चित्र. ते चित्र बघून मुलगा म्हणाला, "बाबा, इथेच." मी म्हटलं, आपल्याबरोबर कोण आहे ते बघ.

बरोबर होती नातवंडं. थोरला दहा वर्षांचा. त्याला प्रत्येक पदार्थाची जन्मकुंडली लागते. ह्यात काय घातलंय, कांदा आहे का, असला तर चिरलेला की किसलेला. उत्तर पटेपर्यंत घास तोंडाशी जात नाही, आणि उत्तर सहसा पटत नाही. मधला लेकीचा, सात वर्षांचा. त्याच्या ताटात एक पदार्थ दुसऱ्याला शिवता कामा नये. भातावर वरण ओतलं की हा उठला. धाकटी साडेपाच वर्षांची आणि ती फक्त पांढरं खाते. भात, दही, दूध, इडली, सोललेलं सफरचंद. ते सफरचंदही पाच मिनिटांत तांबूस पडतं, मग तेही नको.

आमच्या लहानपणी असले लाड नव्हते, असं लिहायचा मोह होतो. पण माझ्या आईने मला वर्षानुवर्षं कारल्याची भाजी वाढली आणि मी ती वर्षानुवर्षं म्हशीच्या घमेल्यात टाकली. म्हैस वारली तेव्हा घरात मलाच सगळ्यात जास्त वाईट वाटलं होतं. तेव्हा तो मुद्दा सोडून देतो.

आदल्या दिवशी सकाळी काय झालं ते सांगितल्याशिवाय बुफेचं महत्त्व कळणार नाही. नाशकात येऊन मिसळ खायची नाही असं होत नाही, म्हणून द्राक्षमळ्यातल्या एका मिसळीच्या ठिकाणी गेलो. झाडाखाली टेबलं, पोरांना झोके, सगळं झकास. काळ्या मसाल्याचा रस्सा, मटकी, वर शेव, सोबत पापड, वाटीत दही, बशीत जिलेबी. मी उत्साहाने सात मिसळी सांगितल्या. थोरल्याने रश्श्याचा तवंग बघून विचारलं, "आबा, हे तेल किती दिवसांचं आहे?" मधल्याच्या मिसळीत सगळं एकमेकांत मिसळलेलंच होतं, मिसळच ती, दुसरं काय असणार. धाकटीने दही संपवलं. तिघांनी मिळून तीन पापड आणि सहा जिलेब्या खाल्ल्या, आणि त्यांच्या तीन मिसळी आम्ही चौघांनी पोटात ढकलल्या. दुपारी मी झोपलो तो थेट दिवेलागणीला उठलो.

अख्खं ताट मागवलं की ते कुणीतरी संपवायचं असतं. पोराने नाही म्हटलं की आई चिडते, बाप पैसे मोजतो आणि आजोबा ढेकर देतात. बुफेत पोराने नाही म्हटल्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. एक तुकडा घ्यायचा, नाही आवडला तर पुढच्या भांड्याकडे जायचं, कुणी वळून बघत नाही. मला हे त्या दिवशी कळलं. सूनबाईला आधीपासून माहीत होतं. ती बँकेत आहे, पण मुलांच्या खाण्यावरचं जे मिळेल ते वाचते. तिने गाडीत सांगितलं की दोन ते सहा ह्या वयात मुलांना नव्या पदार्थाची धास्तीच असते, त्याला नियोफोबिया असं भारदस्त नाव आहे, आणि एखादा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर कुठे मूल तो आपला मानतं. एलिन सॅटर म्हणून एक अमेरिकी आहारतज्ज्ञ आहेत, त्यांनी कामाची वाटणीच करून दिली आहे. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. "तेव्हा आबा, आज तुम्ही 'एक घास तरी' म्हणायचं नाही," असं तिने बजावलं. मी कबूल केलं. पाळलं किती, ते विचारू नका.

जेवायला जाण्याआधी सकाळी पांडवलेणी चढलो. हे मुद्दाम सांगतोय. चोवीस लेणी आहेत आणि ती बघायला डोंगराच्या पायऱ्या चढाव्या लागतात. पोरं वरपर्यंत पळत गेली, खाली पळत आली, पुन्हा मधल्याची टोपी वर राहिली म्हणून अर्ध्यात परत गेली. डिसेंबरातली नाशिकची थंडी, त्यात ही चढउतार. साडेबाराला बुफेच्या दारात उभी राहिली तेव्हा तिघांचे चेहरे उतरलेले होते. भूक ही अर्धी भाजी असते असं माझी आजी म्हणायची. ज्यांना पोरं घेऊन बुफेला जायचंय त्यांनी आधी एक डोंगर शोधावा. नाशकात त्याला तोटा नाही.

दारातच पहिली ठिणगी पडली. भिंतीवर जिराफाचं चित्र होतं आणि त्याच्या मानेवर फुटांच्या खुणा. साडेचार फुटांच्या आत ४९९, वर गेलं की पूर्ण ८९९. वयाचा प्रश्नच नाही. थोरल्याला जिराफाशेजारी उभं केलं तर तो साडेचारच्या वर अर्धा इंच भरला. दारावरचा मुलगा हसून म्हणाला, "काका, फुल." मी म्हटलं, "बाळ, बूट काढ." बूट नवे होते, जाड तळाचे. बूट काढल्यावर तो साडेचारच्या आत आला, साधारण अर्धा इंच राखून. दारावरच्या मुलाने हे आधी पाहिलेलं नसावं. त्याने आत जाऊन कुणाला तरी विचारलं, आणि मग ४९९ मान्य झाले. चारशे रुपये वाचले. उंच पोरं म्हणजे जास्त खाणारी पोरं, हा हिशेब कुणी लावला कोण जाणे. आमच्या वर्गात सगळ्यात उंच होता तो अर्ध्या भाकरीवर दिवस काढायचा.

आत गेल्यावर डाव्या हाताला पहिलंच टेबल होतं 'किड्स कॉर्नर'. ह्यावर मात्र माझा खरा राग आहे. फ्रेंच फ्राइज, नगेट्स, गुलाबी सॉसमधला पास्ता, टोमॅटो केचपचा पंप आणि त्याला लागूनच चॉकलेटचं कारंजं. आठ देशांचं जेवण मांडायचं आणि मुलांना दारातच अडवून बटाट्यावर भागवायचं, हे कुठलं शहाणपण? बुटक्या टेबलावर मुलांच्या हाताला येईल असं तेवढंच ठेवलेलं. बाकी सगळी भांडी मोठ्यांच्या छातीएवढ्या उंचीवर, वर काचेची झाकणं. म्हणजे मुलाला पास्त्याखेरीज दुसरं काही दिसतच नाही. दुसऱ्या टेबलावरच्या एका बाईंची जुळी पोरं पूर्ण वेळ तिथेच होती, दोघांचे मिळून ९९८ रुपये फ्राइजवर गेले. आमची पोरंही त्याच दिशेने वळली होती. सूनबाईने धाकटीला उचलून कडेवर घेतलं आणि मुलाने बाकीच्या दोघांची मान धरून दुसऱ्या बाजूने फेरी सुरू केली. जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, डावीकडे बघू नका, सरळ मागच्या भिंतीकडे जा. कडेवर घेता येण्याजोगं मूल असेल तर घ्याच. वरून भांडी बघायला मिळाली की त्यांचा चेहरा बदलतो.

धाकटीने कडेवरून सगळ्या झाकणांखाली डोकावलं आणि आपलं काम सुरू केलं. तिला पांढरं हवं होतं, आणि आठ देशांत पांढरं काय काय असतं ह्याची आम्हा कुणालाच कल्पना नव्हती. आधी तिने मोमोचं पांढरं आवरण खाल्लं, आतलं सारण आजीच्या बशीत. मग टोफू. "आजी, हे पनीर ओलं आहे," एवढंच म्हणाली, पण दोन चौकोन खाल्ले. मग एका भांड्यात पांढऱ्या शुभ्र अंगठ्या होत्या, लसणीच्या लोण्यात परतलेल्या. तिने बोट दाखवलं. पाटीवर इंग्रजीत कॅलमारी लिहिलेलं. वाढणारा मुलगा रत्नागिरीकडचा निघाला, तो म्हणाला, "आजी, माकूल आहे. समुद्रातली." सौ.चा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्याकडे सामिष म्हणजे मटण आणि कोंबडी, फार तर नदीचा मासा. पण धाकटीने अंगठी बोटात घातली, थोडा वेळ नवरीसारखी मिरवली आणि खाल्ली. आणखी मागितली. चार अंगठ्या झाल्या. सूनबाईने नंतर तिला सरळ सांगितलं की हा समुद्रातला प्राणी आहे, त्याला दहा पाय असतात. लपवायचं नाही असा तिचा नियम आहे. धाकटीने थोडा विचार केला आणि विचारलं, "पण तो पांढरा आहे ना?" आहे म्हटल्यावर पाचवी मागितली.

मधल्याची सोय हॉटेलातल्या एका वयस्क वाढप्याने केली, आणि त्यासाठी मी त्यांना वेगळी बक्षिसी दिली. पोरगं एका मोठ्या प्लेटसमोर रडकुंडीला आलेलं, कारण मामीने त्याच्या प्लेटमध्ये नूडल्स आणि कबाब शेजारी शेजारी ठेवले होते. वाढप्यांनी काही न विचारता चटणीच्या सहा छोट्या बश्या आणून ओळीने मांडल्या. एका बशीत एक पदार्थ. मधला एकदम राजासारखा बसला. मग मागणी वाढली. कबाबाचा एक तुकडा, भाजलेल्या अननसाची एक फोड, सुशीची एक वळकटी. आणि सुशीशेजारी ठेवलेला हिरवा गोळा, हरभऱ्याएवढा.

त्याला वाटलं पिस्त्याची बर्फी. एकच पदार्थ एका बशीत, कुणाला शिवलेला नाही, हिरवागार. त्याने तो अख्खा तोंडात टाकला.

पुढचे दहा सेकंद मला आजही दिसतात. आधी काहीच नाही. मग डोळे मोठे झाले, मग दोन्ही हात नाकावर गेले, तोंडावर नाही, नाकावर. डोळ्यांतून धारा. मुलगा पाणी पाजायला धावला, सूनबाई दह्याकडे. सौ.ने मात्र त्याच्या बशीला बोट लावून जिभेवर टेकवलं आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "अहो, ही तर फेसलेली मोहरी!" लोणच्यासाठी मोहरी फेसताना तिच्या नाकातून पाणी येतं, तसंच सगळं. गंमत म्हणजे ती बरोबर होती. तिथल्या शेफला विचारलं तर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, ही खरी वसाबी नाही. खरी वसाबी म्हणजे जपानातल्या एका झाडाचा गड्डा, तो ताजा किसून लगेच खातात, आणि फार महाग पडतो. बहुतेक हॉटेलांत हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाची पूड, मोहरी आणि हिरवा रंग असं कालवून ठेवतात. ही सगळी मोहरीच्याच कुळातली, म्हणून तिखटपणा जिभेवर न थांबता नाकात चढतो. आणि चढतो तसा उतरतोही. मिरची असती तर अर्धा तास रडला असता, इथे मिनिटाभरात मधला शांत झाला, नाक पुसलं आणि म्हणाला, "आजी, परत दे. पण थोडंच." दुसऱ्यांदा त्याने मोहरीएवढाच कण घेतला आणि नाक दाबून धरून मजा बघितली. त्याचं पुढचं सगळं जेवण त्या एका खेळावर झालं. पदार्थ कोणताही असो, वर हिरवा कण लावायचा. म्हणजे ज्याला भात आणि वरण एकत्र चालत नाही, त्याने सुशीवर वसाबी आणि अननसावरही वसाबी लावून खाल्ली. लेकीला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं आम्ही दुसऱ्याच पोराबद्दल बोलतोय.

ह्यात हॉटेलची चूक आहेच. त्या गोळ्यावर पाटी नव्हती, आणि होत्या त्या सगळ्या पाट्या इंग्रजीत. नाशकातलं हॉटेल, निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मराठी बोलणारं, मग 'तिखट', 'अतितिखट', 'शेंगदाणे आहेत' एवढं मराठीत लिहायला काय जातं? शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं एखादं मूल असतं तर ती गंमत झाली नसती.

आता ऑक्टोपस. पाटीवरचं चित्र खोटं नव्हतं. मागच्या भिंतीला कोळशाची मोठी शेगडी होती आणि तिथे शेफ ऑक्टोपसचे पाय भाजून कापून देत होता. समोर रांग होती, पण रांगेतले बहुतेक जण फोटो काढून परत जात होते. थोरला मात्र शेगडीच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि त्याने उलटतपासणी सुरू केली. हा कुठून आला? जिवंत होता का? आधी शिजवला की नुसता भाजला? शेफ तरुण होता, बंगाली असावा, मोडकं हिंदी आणि त्याहून मोडकं मराठी. पण त्याने एकाही प्रश्नाला टाळलं नाही. आधी तासभर मंद आचेवर उकळतो, नाहीतर रबर होतो, मग निखाऱ्यावर फक्त वरून भाजायचा, असं त्याने हाताने दाखवून समजावलं. मी मागून, शिक्षकाची खोड, सांगितलं की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं असतं. हे सांगायला नको होतं. थोरल्याचा चेहरा पडला. "तीन हृदयं असणाऱ्याला खायचं?"

मग बराच वेळ गेला. मागे रांग वाढली. मुलगा म्हणाला, चल, राहू दे. शेफ हसला, त्याने पायाचा एक तुकडा कापला, टूथपिकवर टोचला आणि थोरल्याच्या हातात दिला. खा म्हणाला नाही, फक्त बघायला दिला. थोरल्याने तो डोळ्यांजवळ नेला. वाटीसारखी गोल गोल चोषकं, मोठीच्या शेजारी लहान, लहानच्या शेजारी आणखी लहान, कडा भाजून काळ्या झालेल्या, मधे तेल चमकतंय आणि लिंबाचा एक दाणा अडकलेला. त्याने चोषकं मोजली. बाकी काही नाही तरी हे माझ्याकडून गेलंय. अकरा होती. मग त्याने शेफला शेवटचा प्रश्न विचारला, "ह्या तुकड्यात एक तरी हृदय आहे का?" शेफने नाही अशी मान हलवली, हृदयं डोक्यामागच्या पिशवीसारख्या धडात राहतात, हा पाय. तेवढ्यावर समाधान झालं. चावलं, पुन्हा चावलं, आणि म्हणाला, "आबा, चव अशी काही नाहीच. धुराची आहे आणि लिंबाची आहे. पण चावायला मजा येते." दुसरा तुकडा स्वतःहून मागितला.

नुसतं एक खुसपट काढतो. शेफची ही सहनशीलता दुपारी साडेबाराला होती. पावणेदोनला तिथे एवढी झुंबड उडाली की तो न बघता प्लेटीत टाकत होता. लहान मुलांना प्रश्न विचारायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात जा.

एका कोपऱ्यात आठ देशांच्या जोडीला खानदेशही मांडला होता, आणि माझ्या मते त्या हॉटेलातलं सगळ्यात धाडसी टेबल तेच. शेवभाजी, हिरव्या वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि खापरावरचे मांडे. मांडे करणाऱ्या बाईंसमोर पालथं घातलेलं मातीचं खापर, खाली जाळ. पुरण भरलेला गोळा त्यांनी आधी हातावर थापला, मग दोन्ही हातांच्या कोपरापर्यंत तो फिरवत फिरवत वाढवत नेला, पंचा वाळत घालावा तसा, एवढा पातळ की पलीकडचा जाळ दिसावा. आणि एका झटक्यात खापरावर. सौ.ने आयुष्यभर पुरणपोळ्या केल्यात, तीही तोंडाचा आ वासून उभी. धाकटी म्हणाली, "ह्या आजी पोळीची ओढणी करतात." बाईंनी अहिराणीत तिला काहीतरी म्हटलं, आम्हाला अर्धंच कळलं, पण गोळ्यातला बोटभर तुकडा त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला आणि आपल्यासारखा फिरवायला लावला. तो अर्थातच फाटला. फाटलेला तुकडाही खापरावर टाकून भाजून दिला. धाकटीने तो खाल्ला. पिवळा होता. पांढरा अजिबात नव्हता. सूनबाईने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, म्हणजे, आबा, आता काही बोलू नका.

मी तिथेच बसलो. भरीत, भाकरी, वर कच्चं तेल, ठेचा. दोनदा घेतलं.

बाकीचं भरभर सांगतो. टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी बसवलेली असते आणि शिगा आणून त्यात खोचतात. लहान मूल त्या बाजूला बसवू नका, थोरल्याची बाही थोडक्यात वाचली. टेबलावरचा छोटा झेंडा खाली केला की शिगा आणणं थांबतं. मधल्याने तो झेंडा सतत वर-खाली केल्यामुळे वाढपी गोंधळून गेले. नान थंड आणि वातड. बिर्याणी बरी. सूप मी घेतलं नाही. डिसेंबरात एसी कशासाठी लावला होता ते कळलं नाही, सौ. शाल पांघरून जेवली. दर दहा मिनिटांनी कुणाचा तरी वाढदिवस, मग दिवे बंद, ढोल, टाळ्या आणि केक. धाकटी पहिल्यांदा दचकली, नंतर तिला वाटलं आपलाच आहे. चॉकलेटच्या कारंज्याशी शेवटी तिघंही पोहोचलीच, त्याला कोण काय करणार. धाकटीने त्यात पापड बुडवून खाल्ला आणि ती चव वाईट नाही, असं मुलगा चाखून म्हणाला.

आणि ते बिल. पहिल्यांदा आलं तेव्हा त्यात ५०९ रुपये ३० पैसे सेवा शुल्क म्हणून होते, दहा टक्के. आपणच उठायचं, आपणच रांगेत उभं राहायचं, आपणच ताट धरून आणायचं, मग सेवा कुणी कुणाची केली? मी आवाज न चढवता सांगितलं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्येच हे आपोआप लावायला मनाई केली आहे आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते निर्देश उचलून धरले. देणं ज्याच्या त्याच्या खुशीवर. व्यवस्थापक म्हणाला, "सर, सिस्टीमच लावते." मी म्हटलं, मग सिस्टीमलाच काढायला सांगा. मोबाईलवर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक काढून टेबलावर ठेवला, लावला नाही. पाच मिनिटांत नवं बिल आलं. सूनबाई तोवर पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली होती, तिला असल्या गोष्टींची लाज वाटते. ज्या वाढप्यांनी सहा बश्या मांडल्या त्यांना मी हातात दोनशे रुपये दिले. ते मी आनंदाने दिले, आणि ते वहीत लिहिले नाहीत.

जाऊ का म्हणून कुणी विचारलं तर माझं उत्तर: शनिवार-रविवार सोडून, दुपारी बरोबर साडेबाराला, भुकेली पोरं घेऊन जा. जे मूल काहीच खात नाही असं तुम्हाला वाटतं, त्याला आधी न्या आणि गप्प बसा. जे मूल फ्राइजवर खूश आहे त्याचे ४९९ घालवू नका, रस्त्यावर पावासकट पिठात बुडवून तळलेला 'उलटा वडापाव' स्वस्त मिळतो.

रात्री लॉजवर आल्यावर मी हिशेब मांडायला वही उघडली. कुणी काय खाल्लं ते मला नोंदवायचं होतं, घासामागे किती पडले ते काढायला. पान आधीच भरलेलं. थोरल्याचं अक्षर. मी आंघोळीला गेलो असताना त्याने तक्ताच आखला होता, उभे-आडवे रकाने, पट्टी लावून. माकूल: धाकटी ५, आजी ०, बाबा ३, आई ४. वसाबी: मधला ९ वेळा. ऑक्टोपस: मी २, बाबा २, आई १. प्रत्येक नावापुढे नवीन पदार्थ किती, ह्याची बेरीज. सगळ्यात खाली माझं नाव. भरीत, भाकरी, ठेचा, दही, भात. नवीन पदार्थ: शून्य. शून्याभोवती त्याने लाल पेनने गोल केला होता, मी वर्गात करायचो तसा, आणि शेजारी लिहिलं होतं, "आबा, एक घास तरी."